लातूरच्या खोलीतली ड्युटी

मी नोकरी सोडली ती झोपायला. असं सरळ सांगितलं की माणसं हसतात, म्हणून सुरुवातीला मी गुडघ्यांचं नाव पुढं करायचे, कंबरेचं करायचे, बीपीचं करायचे. ते सगळं खरंच होतं, पण गुडघ्यासाठी कुणी उरलेल्या सात वर्षांचा पगार सोडत नाही. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं स्टाफ नर्स होते आणि त्यातल्या किती रात्री जागून काढल्या ते मोजणं मी कधीच सोडून दिलं होतं. एकावन्नाव्या वर्षी एका सकाळी रात्रपाळी संपवून रिक्षात बसले आणि तिथंच डोळा लागला. कॉलनीच्या कमानीपाशी रिक्षावाल्यानं हाका मारून उठवलं. म्हणाला, "सिस्टर, तुम्ही घोरून राहिलात." मला लाज वाटली नाही. मला त्याचा राग आला, की यानं उठवलं कामून? त्याच आठवड्यात मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला.

अर्ज टाकला तसा जो तो शहाणपण शिकवायला लागला. पूर्ण पगार सोडून अर्धी पेन्शन कुणी घेतं का? घरी बसून करणार काय? एक जण तर म्हणाला, एकट्या बाईनं निदान वेळ घालवायला तरी नोकरी करावी. वेळ घालवायला! माझ्या हातावर सुयांच्या खुणा आहेत, पायावर फुगलेल्या शिरा आहेत, आणि हा म्हणतो मी तिथं वेळ घालवत होते. पैशाचा विचार मी केला नव्हता असं नाही. घर दोन खोल्यांचं, पण स्वतःचं, हप्ते फिटलेले. नवरा नाही, मूलबाळ नाही. थोडी पेन्शन विकली. सरकारी नोकरीत आम्ही विकणंच म्हणतो त्याला, पुढच्या पेन्शनचा तुकडा देऊन आधी एकरकमी पैसे घ्यायचे. त्यातून छताची गळती बुजवली, उरले ते बँकेत टाकले. सोनं बंद, नव्या साड्या बंद, एसीचा विचार बंद. उन्हाळ्यात कूलरसमोर पडून राहीन म्हटलं, पण पडून राहीन.

पहिले दोन महिने अंगच ऐकेना. रात्री झोप यायची नाही आणि दुपारी दोनला डोळे मिटायचे. पहाटे पाचला सलाइन संपलं असेल म्हणून दचकून उठायची. मग हळूहळू लागायला लागली झोप. एके दिवशी जाग आली तर साडेआठ वाजले होते, पोळ्याचा बैल असावा तसं ऊन दारात येऊन उभं होतं, आणि मला कुठंही जायचं नव्हतं. मी उठून चहा केला, पिऊन पुन्हा झोपले. अख्ख्या आयुष्यात इतकं चैनीचं काही मी केलेलं नव्हतं.

पण लोकांना बघवतं का? कॉलनीत बातमी पसरली की सिस्टर आता घरीच असतात. झालं. कुणाचं बीपी, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या सासऱ्याची लघवीची नळी. दुपारी दोनला बेल वाजवून एक बाई बोट पुढं करून उभी. म्हणाली, "सिस्टर, जरा बघा ना हे काय आहे." मी म्हटलं, "बोट आहे," आणि दार लावलं. तेव्हापासून ती बोलत नाही. नाही तर नाही, माझी तेवढीच एक बेल कमी झाली.

बाहेरच्यांना दार लावता येतं. भावाला कसं लावणार?

माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा, एकुलता एक. बाप मजुरी करता करता गेला तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि हा चौथीत. नोकरी लागल्यावर मी त्याला नांदेडला माझ्याजवळ आणला, शिकवला, शेतकीचा डिप्लोमा करून दिला. आता हिमायतनगरच्या पुढं आमच्या गावात त्याचं बी-बियाण्याचं, खताचं दुकान आहे, चार एकर आहे, बायको अंगणवाडी सेविका आहे, एक मुलगी, एक मुलगा. चांगलं चाललंय आणि ते चांगलं चालावं म्हणूनच मी खपले, हे मी कुणापासून लपवत नाही.

तर हा एका मे महिन्यात तुरीची डाळ आणि ज्वारीचं पीठ घेऊन आला. तो डाळ घेऊन आला की काहीतरी मागायचं असतं. जेवण झालं, ढेकर दिला आणि म्हणाला, "आक्का, पोरीला लातूरला टाकून राहिलो."

आमच्याकडं लातूरला टाकणं म्हणजे काय ते साऱ्यांना ठाऊक आहे. दहावीला मार्क पडले की पोराला डॉक्टर करायचं, डॉक्टर करायचं तर नीटची परीक्षा, आणि नीट म्हटलं की लातूरचे क्लास. पण पोर एकटं जात नाही. तिथं खोली करायची आणि पोरासोबत आईनं जाऊन दोन वर्षं राहायचं. पहाटे उठवायचं, डबा करायचा, कपडे धुवायचे, पुन्हा अभ्यासाला बसवायचं. बाप घरी, आई लातूरला. गल्ल्याच्या गल्ल्या अशा आयांनी भरलेल्या आहेत.

"मग जाईल की पोरीची आई," मी म्हटलं.

"तिची अंगणवाडी हाय ना. एकदम कसं सोडल? आलटून पालटून करू. पंधरा दिवस ती, पंधरा दिवस तू. तू काय, रिकामीच हाईस."

रिकामी! तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणायला पाहिजे होतं की बाबा, मी रिकामी नाही, मी झोपलेली आहे, त्यासाठी अर्धा पगार मोजलाय. पण भाचीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तोंडातून निघालं, "हाव, येते." अठ्ठावीस वर्षं वॉर्डात हेच केलं. कुणाची सासू आजारी, कुणाचं लेकरू आजारी, कुणाला लग्नाला जायचंय, की मी म्हणणार, माझी लावा ड्युटी. एकटी बाई, हिला काय घरी कोण वाट बघतंय. दुसरे म्हणायचे तसं मीही म्हणायला लागले होते, हा खरा माझा मूर्खपणा.

जूनमध्ये लातूरला गेले. तीन मजल्यांची इमारत, बारा खोल्या, प्रत्येकीत एक पोर आणि बहुतेक ठिकाणी आई. दहा बाय बाराची आमची खोली. एका कोपऱ्यात पोरीचं टेबल, एका कोपऱ्यात गॅस, मधल्या जागेत दोन गाद्या. पाणी एक दिवसाआड, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह खालच्या मालकीणबाईच्या हातात. पहिल्याच दिवशी शेजारची उदगीरची बाई आली आणि म्हणाली, "आत्या होय? आई कुठंय मग?" मी म्हटलं, येईल पंधरा दिवसांनी. तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत दया आली. भावाच्या दारात तुकड्यावर पडलेली बाई समजली ती मला. मला पेन्शन आहे हे मी त्या पहिल्या आठवड्यात इतक्या जणींना सांगितलं की शेवटी माझीच मला शरम वाटली.

आणि पहाट! त्या इमारतीचा नियमच होता की चारला दिवे लागायचे. पहिल्या खोलीतला कुकर शिट्टी मारायचा, मग दुसरीतला, मग चहाचा वास, मग "ऊठ रे, ऊठ गं." पोर एकटं उठून चालत नाही. आईनं उठून त्याच्यासमोर बसायला पाहिजे, नाहीतर ते पेंगतं. भाची गुणी पोरगी, ती म्हणायची, "आत्या, तू झोप. मी गजर लावून उठते." आणि उठायचीही. मी एक आठवडा झोपून राहिले. आठव्या दिवशी भावाचा फोन. "आक्का, तू पोरीला उठवून नाही राहिलीस म्हणं?" त्याला हे कुणी सांगितलं? उदगीरच्या बाईनं तिच्या नवऱ्याला, नवऱ्यानं बियाण्याच्या कुण्या ओळखीच्या एजंटाला, त्यानं माझ्या भावाला. दोन जिल्हे ओलांडून माझ्या झोपेची चहाडी गेली! दवाखान्यात निदान हजेरीचं रजिस्टर एकाच ठिकाणी असायचं.

तेव्हापासून मी चारला उठायला लागले. चहा करायचा, पोरीसमोर बसायचं, ती गुणसूत्रं घोकणार आणि मी भिंतीकडं बघणार. मी नोकरी का सोडली होती? जे सोडून आले तेच, फक्त इथं पगार नव्हता आणि दहा दिवसांची नाइट झाली की मिळायचा तो ऑफही नव्हता.

पंधरा दिवसांनी भावजय आली, खरं सांगायचं तर. दोन रात्री राहिली आणि सुपरवायझर मॅडमची व्हिजिट आहे म्हणून गेली. नंतर एकदा आली, तीन दिवस. मग पोषण आहाराचं काम निघालं, मग सर्वे निघाला, मग तिच्या पोराची घटक चाचणी. तिला मी दोष देत नाही. अंगणवाडीतली बाई राबते म्हणजे काय ते मला कळतं. पण भाऊ? तो दर दोन-तीन आठवड्यांनी रविवारी यायचा, डझनभर केळी घेऊन. आल्या आल्या विचारायचा, "टेस्टला कितवा नंबर?" मी वाढलेलं जेवायचा, पोरीच्या गादीवर दुपारभर आडवा व्हायचा आणि पाचच्या गाडीनं परत. माझ्या समोर, माझ्या डोळ्यांदेखत तो झोपायचा! त्याच्या घोरण्यानं पोरगी पुस्तक घेऊन गच्चीवर जायची.

मग मी निघून का गेले नाही, असं कुणीही विचारील. माझ्या मैत्रिणीनंही विचारलं, तीही नर्स होती, तरी विचारलं. आमच्या कामात एक रीत आहे. पाळी संपली म्हणून वॉर्ड सोडता येत नाही. पुढच्या पाळीची सिस्टर आली, तिला एकेका पेशंटचं सांगून ओव्हर दिलं, की मगच चप्पल घालायची. रिलीव्हर आली नाही तर थांबायचं, बारा तास झाले तरी थांबायचं, पेशंट उघड्यावर टाकून जायचं नाही. पहिल्या वर्षी मोठ्या सिस्टर हे कानीकपाळी ओरडून शिकवतात आणि ते हाडात जातं. लातूरला मी ओव्हर घ्यायला येणाऱ्या बाईची वाट बघत बसले होते. पंधरा दिवसांचे पंधरा आठवडे झाले, मग वर्ष झालं, मग दुसरी दिवाळीही गेली. दर महिन्याला नांदेडला जाऊन घर झाडून यायची, कूलरवरची धूळ पुसायची, एक रात्र राहायची आणि परत. स्वतःच्या घरी पाहुणी. कुणी मला बांधून ठेवलेलं नव्हतं. मी आपली आपण थांबले होते, आणि वरून मनात कुठंतरी वाटायचं की आपण किती इमानदार.

डिसेंबरात मालकीणबाई भाडं घ्यायला वर आली. भाडं घेतलं, दारातच टेकली आणि म्हणाली, "तुमचं बरं झालं बाई, मला नवा भाडेकरू शोधायला नको. पुढची दोन वर्षं तुम्हीच."

मी म्हटलं, "पुढची कसली? मेमध्ये पोरीची परीक्षा झाली की संपलं."

"अहो, धाकट्याचं नाही का? तुमच्या भावानं दिवाळीतच बोलून ठेवलंय. औंदा दहावी झाली की तो येणार. म्हणले, आक्का आहेतच, त्यांची सवय झालीय आता."

सवय झालीय. मी तिला चहाही विचारला नाही. ती गेली आणि मी गादीवर बसले. माझी पुढची दोन वर्षं दुसऱ्याच्या तोंडानं बोलली गेली होती, मालकीणबाईला ठाऊक, बहुतेक उदगीरच्या बाईलाही ठाऊक, मला सोडून. त्रेपन्न वर्षांची झाले होते मी. पोरगं बारावी होईस्तोवर पंचावन्न पुरी झाली असती. मग त्याला एखादा गुण कमी पडला की तो रिपीट करणार, आणखी एक वर्ष. मग बहुतेक पोरीचं बाळंतपण. मी नोकरीतच राहिले असते तर निदान अठ्ठावन्नाला सरकारनं घरी पाठवलं असतं. या ड्युटीला तर रिटायरमेंटच नव्हती!

मी फोन लावला. "शनिवारी मी निघाले. रिलीव्हर पाठव."

"काय पाठवू?"

"माणूस पाठव. तुझ्या घरातलं. शनिवारनंतर मी इथं नाही."

"आक्का, तू चिडून काहून राहिलीस? बरं, करतो काहीतरी."

शनिवार आला, कुणी आलं नाही. मी दोन दिवसांच्या दोन वेळच्या जेवणाचं उदगीरच्या बाईला सांगितलं, पैसे तिच्या हातात ठेवले. भाचीला म्हटलं, मी जाते. ती म्हणाली, "जा, आत्या." एवढंच म्हणाली, आणि मला बॅग खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली. रिलीव्हर आल्याशिवाय वॉर्ड सोडायची माझी ती पहिली वेळ. बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी सारखी मागं वळून बघत होते, चोरी करून पळावं तसं.

रात्र नांदेडला काढली. रविवारी सकाळची गाडी धरली, मुदखेडवरून हिमायतनगर, तिथून ऑटो. दुपारी घरी पोचले तर भाऊ जेवायला बसलेला आणि भावजय वाढत होती. "या आक्का, हात धुवा," ती म्हणाली. मी हात धुतले. टीव्हीपाशी एक कोरा पांढरा लखोटा ठेवलेला दिसला. सरकारी कागदाचा वास मला लांबून येतो. उघडून बघितला. अंगणवाडी सेविका पदाचा राजीनामा. कौटुंबिक कारणास्तव. अक्षर भावाचं, खाली सही भावजयीची.

"हे काय?"

"तूच म्हणलीस की माणूस पाठव," भाऊ वरणाचा भुरका मारत म्हणाला. "उद्या देऊन टाकील आन् परवा जाईल लातूरला. तुझ्या मनासारखं करून राहिलो, आक्का."

चौदा वर्षांची तिची नोकरी. पहिली पाच वर्षं तर मानधन पुरतं बस-रिक्षाला जायचं. गावातली शेकडो लेकरं हिनं वजनकाट्यावर उचलून ठेवली असतील, कितीतरी बाया रात्री-बेरात्री दवाखान्यात नेल्या असतील. ती मला ताट वाढत होती, मान खाली, आणि राजीनामा टीव्हीपाशी वीजबिलासारखा पडला होता.

"तू जा," मी भावाला म्हटलं.

"कुठं?"

"लातूरला. पोरीचा बाप आहेस. परीक्षेला पाच महिने राहिलेत. तू जाऊन राहा."

तो हसला. चिडला असता तर मला चाललं असतं. तो खरोखर मनापासून हसला, घास तोंडात असताना, ठसका लागेपर्यंत. "मी? आगं, मला चहा तरी करता येतो का?" आणि माझ्या बाजूला पदर तोंडाला लावून भावजयसुद्धा हसली. जिची चौदा वर्षांची नोकरी जाणार होती ती हसत होती!

"दुकान कोण बघंल?" तो म्हणाला.

"तुझा मेव्हणा बघतो तसाही. तू गल्ल्यावर बसून मोबाइल बघतोस."

"बायांच्या बिल्डिंगीत गडीमाणूस राहतो का? लोक काय म्हणतील?"

"तिसऱ्या मजल्यावर परभणीचे आजोबा नातवाला घेऊन राहतात. रोज भाजी तेच करतात. लोक म्हणतात, भाजी चांगली करतात."

मग तो गंभीर झाला, मायेनं बोलायला लागला, आणि तेच मला जास्त लागलं. "आक्का, तू उगी जीवाला त्रास करून घेऊन राहिलीस. लेकरं तुझीच हायत. आमच्याशिवाय तुला हाय कोण?"

मी ताटाला हात न लावता उठले. बॅग उचलली आणि बाहेर पडले. मागून तो "आक्का, आगं आक्का" करत होता, पण जेवण सोडून उठला नाही. उठली ती भावजयच. फाट्यापर्यंत माझी बॅग धरून माझ्या मागं मागं आली.

फाट्यावर लिंबाखाली उभ्या राहिलो. ऑटो यायला वेळ होता. माझं तोंड काही थांबत नव्हतं. मी म्हटलं, तू सही केलीसच कशी? हसलीस कशी? कुण्या मातीचा आहे हा माणूस? बायको मरमर मरते, बहीण मरमर मरते, आणि याला चहा येत नाही! तुला कधी वाटलं नाही का याला चार शब्द सुनवावेत, याला कामाला लावावं? मी लई बोलले. ती माझ्या बॅगेची चेन नीट बसत नव्हती ती बसवत होती. माझं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली,

"मी काय करणार, आक्का? मी लग्न होऊन आले तवा ते आसेच होते."

टोमणा नव्हता तो. ती सांगत होती, साधं सरळ. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या नांदेडच्या खोलीतून हा माणूस तिच्या हातात दिला गेला, तो असाच होता.

मला एकदम आठवलं. तेरा वर्षांचा होता, नुकता नांदेडला आणला होता. मी रात्रपाळी करून सकाळी आले, त्याला गरम भात वाढला. तो जेवला आणि आपलं ताट उचलून मोरीत घासायला बसला. गावाकडं आईजवळ असताना घासत असेल. मी धावत गेले आणि त्याच्या हातातून ताट हिसकावून घेतलं. म्हटलं, ही तुझी कामं नाहीत, तू अभ्यास कर. तो म्हणाला, "आक्का, तू झोप ना, मी घासतो की." आणि मी त्याला रागावले. दोन-तीनदा त्यानं करून बघितलं असेल, मग सोडून दिलं. माझ्या भावाला मी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, असं मी वॉर्डात सगळ्या सिस्टरांना सांगायचे. कौतुकानं सांगायचे!

मला भावजयीचा राग आला, लई राग आला, कारण ती खोटं बोलत नव्हती. मग स्वतःचा आला, आणि तो आधीच्या सगळ्या रागांहून मोठा होता. ज्याला त्याला शिव्या देत दीड वर्ष मी रिलीव्हरची वाट बघितली. जो येऊ शकला असता त्याला मीच तेराव्या वर्षी घरी बसवलं होतं.

ऑटो आला. ड्रायव्हर म्हणाला, चला. मी म्हटलं, जा तू. बॅग भावजयीच्या हातातून घेतली आणि परत वाटेला लागले. ती मागून विचारत होती, काय झालं, आक्का, काही राहिलं का?

भाऊ बाजेवर आडवा झाला होता. त्याचं खरकटं ताट सतरंजीपाशी तसंच होतं, त्यावर माशा बसल्या होत्या. मी टीव्हीपाशी गेले, राजीनामा उचलला, चार घड्या करून पर्समध्ये घातला आणि चेन लावली.

"उद्या सकाळच्या गाडीनं तू आणि मी लातूरला चाललो," मी म्हटलं. "दोन दिवस मी राहते. भात, वरण, दोन भाज्या शिकवते. भाकरी जमली तर जमली, नाहीतर विकत आण. तिसऱ्या दिवशी मी माझ्या घरी. परीक्षेपर्यंत तू राहायचं. धाकट्याचं काय ते पुढं तुमचं तुम्ही बघा, मी नाही येणार. मालकीणबाईला तूच सांगायचं."

तो उठून बसला. "आक्का, काय लावलंय हे?"

"आणि ऊठ. ताट उचल."

भावजय सवयीनं वाकली. मी तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घेतलं नाही. भावानं तिच्याकडं बघितलं, ती हसेल म्हणून वाट बघितली. या वेळी ती हसली नाही, बाहेर अंगणात बघत उभी राहिली. मग तो उठला, वाकला, दोन्ही हातांनी ताट उचललं आणि घराच्या मधोमध उभा राहिला.

"ठेवू कुठं?" त्यानं विचारलं.

स्वतःच्या घरात, त्रेचाळीस वर्षांचा माणूस. आम्ही दोघींनी सांगितलं नाही.